आवाज एका बाजूनेच येतोय: इंटरनेट टेलिफोनीत धंदा उभा करताना

सांगलीच्या एका डोळ्यांच्या हॉस्पिटलातून सकाळी साडेदहाला फोन आला. रिसेप्शनवरच्या ताई रडकुंडीला आल्या होत्या. "सर, माझं बोलणं पेशंटला जातंय, पण त्यांचं मला काहीच ऐकू येत नाही. सकाळपासून सगळे फोन असेच." त्यांची इंटरनेटवर चालणारी फोनव्यवस्था आम्ही बसवलेली. मी पुण्यातून त्यांच्या सर्व्हरवर लॉगिन केलं, एसएनग्रेप हे कॉलचे संदेश दाखवणारं साधन लावलं आणि पुढचा कॉल आल्यावर त्यातला एसडीपीचा भाग, म्हणजे आवाजाच्या देवाणघेवाणीचा तपशील, उघडला. कॉल नीट जुळत होता. पण 'माझ्यासाठीचा आवाज या पत्त्यावर पाठवा' असं जिथे लिहिलेलं असतं, त्या ओळीत जुन्या ब्रॉडबँडचा आयपी होता. हॉस्पिटलने आदल्या संध्याकाळी इंटरनेट कंपनी बदलली होती आणि आम्हाला कळवायचं राहून गेलं होतं. पेशंटचा आवाज जुन्याच घरी जात होता. कॉन्फिगमधला पत्ता बदलला आणि दहा मिनिटांत फोन सुरू झाले.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना मी हा प्रसंग आधी सांगतो, कारण आमचं घर अशा दहा मिनिटांवर चालतं. सॉफ्टवेअरवर नाही.

सुरुवातीला मलाही वाटायचं की पैसा मिनिटांत आहे. लंडनमधल्या एका कॉलिंग कार्डवाल्यासाठी (परदेशी फोन स्वस्तात करायची कार्डं विकणाऱ्यासाठी) मी बिलिंगची प्रणाली लिहिली होती. दर मिनिटामागे पैशाच्या अंशांचा हिशेब, रोज बदलणारे दरपत्रक आणि स्वस्त रूटवर (कॉल पोहोचवण्याच्या मार्गावर) समोरच्याने फोन उचलण्याआधीच सुरू होणारं बिल. दीड वर्ष मी त्यात रात्री घालवल्या. २०१५ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर फोन करता येऊ लागला, २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, आणि गावी फोन करायला कार्ड विकत घेणारं गिऱ्हाईक विरून गेलं. ते काम बंद पडलं. जी वस्तू दरवर्षी स्वस्त होत फुकटाकडे जाते, तिच्यावर छोट्या माणसाने घर बांधू नये, असं माझं तेव्हापासूनचं पक्कं मत आहे.

मग धंदा कशावर? याचं उत्तर मला अ‍ॅस्टेरिस्क या टेलिफोन एक्स्चेंजच्या सॉफ्टवेअरच्या जन्मकथेत सापडलं. १९९९ मध्ये अमेरिकेत अलाबामात मार्क स्पेन्सर हा विद्यार्थी लिनक्स दुरुस्तीची छोटी कंपनी चालवत होता. ऑफिससाठी टेलिफोन एक्स्चेंज विकत घेणं परवडेना, म्हणून त्याने ते लिहूनच काढलं आणि सगळ्यांना मोकळं करून दिलं. फुकटच्या सॉफ्टवेअरवर कंपनी उभी राहिली ती कशी? साधी टेलिफोन लाइन संगणकाला जोडायची तर कार्ड लागायचं. त्याच्या कंपनीने, डिजियमने, ती कार्डं विकली, आणि ज्यांना जीपीएल या मोकळ्या सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या अटी नको होत्या त्यांना वेगळा परवाना विकला. पुढे २०१८ मध्ये सँगोमा या दुसऱ्या कंपनीने ती कंपनी घेतली. म्हणजे जे सगळ्यांना मिळतं ते वाटायचं आणि त्याच्या कडेला जी अडचण उरते, तिचे पैसे घ्यायचे. आज कार्डांची अडचण फारशी उरली नाही. पण सांगलीच्या ताईंची अडचण आहेच.

आम्ही एकच प्रकारचं गिऱ्हाईक धरलं: मध्यम आकाराची हॉस्पिटलं. त्यांची भाषा शिकलो. ओपीडीची वेळ, फॉलोअप, कॅशलेस, डॉक्टर ओटीत असताना फोन कुणाकडे जावा, हे सगळं. आमच्या प्रोग्रामात विशेष काही नाही. फोन आला की पेशंटचा केसपेपर स्क्रीनवर उघडतो, इतकंच. पण त्याच्यासाठी लोक पैसे देतात.

पहिल्या भेटीत काय बोलायचं, तेही सांगतो. एका डॉक्टरांनी ३० लाइनी हव्यात म्हणून सांगितलं, कारण आधीच्या पीआरआयवर (टेलिफोन कंपनीच्या जुन्या डिजिटल जोडणीवर) तितक्या होत्या. मी त्यांचे महिन्याचे कॉल मोजले. सगळ्यात गर्दीच्या तासात २०० फोन, सरासरी तीन मिनिटांचे. म्हणजे तासात ६०० मिनिटं, सरासरी एका वेळी १० लाइनी व्यस्त. यालाच १० अर्लांग म्हणतात. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या अर्लांग साहेबांनी शंभर वर्षांपूर्वी बसवलेल्या सूत्रात हे घातलं, की शंभरात एखाद्यालाच 'बिझी' ऐकू यावं यासाठी १८ लाइनी पुरतात. त्यांचे पैसे वाचले आणि आमच्यावर विश्वास बसला. हे सूत्र अवश्य शिका.

तसंच बँडविड्थचं. जी.७११ या आवाज पाठवायच्या पद्धतीत दर २० मिलिसेकंदांना एक पॅकेट, म्हणजे सेकंदाला ५०; एका कॉलला एका दिशेने सुमारे ८० केबीपीएस. अठरा कॉल दीड एमबीपीएसमध्ये बसतात. तरी आवाज तुटतो, कारण त्याच लाइनवरून कुणीतरी डोळ्यांचे स्कॅन क्लाउडवर चढवत असतो. राउटरवर आवाजाला आधी वाट करून दिली की तक्रार थांबते. वेग वाढवून सहसा थांबत नाही.

माझी सगळ्यात महाग चूक दिवाळीतली. चाचणीसाठी २०१ नंबरचं एक्स्टेंशन केलं होतं, पासवर्डही २०१. काढायचं राहिलं. चार दिवसांच्या सुट्टीत कुणीतरी त्यातून परदेशातल्या महागड्या नंबरांवर रात्रंदिवस फोन लावले. बिल हॉस्पिटलच्या नावावर आलं, ते मी भरलं. वर्षाची बचत गेली. आता आमच्याकडे आयएसडी मुळातच बंद असतं, कॉल जुळवणारे संदेश जिथे येतात त्या ५०६० पोर्टवर ट्रंक (बाहेरच्या फोनजाळ्याशी जोडणी) देणाऱ्या कंपनीच्या पत्त्याशिवाय कुणाला प्रवेश नसतो, पासवर्ड मशिन बनवतं, आणि रात्री अकरानंतर बाहेर कॉल गेला की माझ्या मोबाइलवर मेसेज येतो.

कायद्याची बाजू हलक्यात घेऊ नका. सॉफ्टवेअर लिहून बसवून देणं वेगळं आणि कॉल पोहोचवणं विकणं वेगळं. यातल्या दुसऱ्या कामाला दूरसंचार खात्याचा परवाना लागतो. म्हणून एसआयपी (इंटरनेटवर कॉल जुळवण्याची पद्धत) ट्रंक नेहमी परवानाधारक कंपनीकडून आणि गिऱ्हाइकाच्या नावावर घ्यायला लावा. केवायसी त्यांचं, बिल त्यांचं. २०२० च्या नोव्हेंबरात कॉल सेंटरांची ओएसपी ('इतर सेवा पुरवठादार') म्हणून करायची नोंदणी रद्द झाली, तेव्हापासून आमच्यासारख्यांचं कागदकाम बरंच हलकं झालं. पण सिमबॉक्स (अनेक सिमकार्डं बसवलेलं यंत्र) लावून परदेशी कॉल लोकल करून द्यायला कुणी सांगितलं, तर पैसे कितीही असोत, उठून या. तो गुन्हा आहे.

शिकायचं म्हणाल तर आरएफसी ३२६१ या एसआयपीच्या नियमांच्या दस्तऐवजातला, कॉल सुरू करणाऱ्या 'इन्व्हाइट' संदेशापासून तो संपवणाऱ्या 'बाय'पर्यंतचा प्रवास वहीवर हाताने काढा. मग घरी अ‍ॅस्टेरिस्क किंवा त्यासारखंच फ्रीस्विच बसवा, दोन मोबाइल जोडा आणि नॅटमागे, म्हणजे घरातले पत्ते बाहेरच्या एका पत्त्यामागे लपवणाऱ्या राउटरमागे, मुद्दाम आवाज अडकवून तो सोडवा. कमायलिओ, म्हणजे अनेक सर्व्हरांवर कॉल वाटून देणारं सॉफ्टवेअर, नंतर, एका सर्व्हरवर भागेनासं झालं की.

दर ठरवताना बसवण्याचे पैसे एकदा आणि देखभालीचा करार वर्षाचा, हे लिहूनच घ्या. सांगलीच्या त्या फोननंतर आम्ही करारात एक ओळ वाढवली: इंटरनेट बदलण्याआधी आम्हाला कळवावं. आणि एक छोटी स्क्रिप्टही लिहिली. ती दर पाच मिनिटांनी बाहेरचा आयपी तपासते. मागच्या महिन्यात मिरजेच्या एका दवाखान्यात तो बदलला, तेव्हा त्यांच्या रिसेप्शनला काही कळायच्या आत आमच्या ऑफिसातल्या मुलीने फोन केला, "ताई, तुमचं इंटरनेट बदललंय ना? आम्ही पत्ता दुरुस्त केलाय, एक फोन लावून बघता का?"