कामशेतला उडण्याआधी: थर्मलचा अंदाज देणारी ऑनलाइन साधनं कशी निवडावीत

मोबाइलमधलं साधं हवामानाचं ॲप एप्रिलच्या दुपारी कामशेतसाठी ‘३६ अंश, निरभ्र, वारा १४’ एवढंच सांगतं. सहलीला निघालेल्याला ते पुरतं. पॅराग्लायडर पाठीवर घेऊन टेकडी चढणाऱ्याला किंवा हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर कॉकपिटमध्ये बसून विंचचा दोर ताणला जायची वाट पाहणाऱ्याला त्यातून जवळजवळ काहीच कळत नाही. इंजिन नसलं की सगळा भरवसा वर चढणाऱ्या हवेवर, म्हणजे थर्मलवर. आणि थर्मलचं भाकीत तापमानाच्या एका आकड्यात मावत नाही.

इंटरनेटवर साधनं ढिगाने आहेत, काही फुकट, काही वर्गणीची. नवशिके बहुधा दिसायला देखणं असलेलं निवडतात, किंवा सीनियर जे वापरतात ते. माझ्या मते सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करावी.

आधी प्रश्न लिहा, मग साधन शोधा

उडायच्या दिवसाबद्दल आपल्याला नेमकं काय हवं असतं? थर्मल किती वाजता सुरू होतील. किती उंच जातील. किती जोरदार असतील. टेकऑफच्या उंचीवर आणि त्याच्या वर वारा कुठून, किती वेगाने वाहील. पश्चिमेचा खारा वारा घाट चढून किती वाजता येईल. आणि ढग गडगडणार आहेत का. हे कागदावर लिहून ठेवा आणि प्रत्येक साधनाला यातल्या कशाचं उत्तर देता येतं ते तपासा. सगळ्यांची उत्तरं एकाच ठिकाणी मिळत नाहीत, त्यामुळे ‘सर्वांत चांगलं ॲप कोणतं’ या प्रश्नात फार वेळ घालवू नका.

ॲपच्या मागचं मॉडेल ओळखा

ॲप म्हणजे फक्त खिडकी. गणित होतं ते मॉडेलमध्ये. जगभराचा अंदाज देणारी तीन मॉडेल्स तुम्हाला सगळीकडे भेटतील: अमेरिकेचं जीएफएस, युरोपचं ईसीएमडब्ल्यूएफ आणि जर्मनीचं आयकॉन. जीएफएस आणि आयकॉनच्या जाळीचा एक चौकोन सुमारे १३ किलोमीटरचा, युरोपीय मॉडेलचा ९ किलोमीटरचा. विंडी हे हवामानाचं संकेतस्थळ किंवा ॲप उघडलं की सहसा युरोपीय मॉडेल समोर येतं, आणि तिथेच जीएफएस किंवा आयकॉन निवडता येतं. बरीच साधी ॲप्स मात्र आपलं मॉडेल सांगतच नाहीत. असं ॲप उडण्यासाठी बाद समजा.

हे का महत्त्वाचं? तीन ॲप्सनी एकच भाकीत सांगितलं की आपल्याला खात्री वाटते. पण तिघांच्याही पोटात जीएफएस असेल, तर तो एकाच साक्षीदाराचा तीनदा घेतलेला जबाब झाला. खात्री वाढायची असेल तर मॉडेल्स वेगळी हवीत. युरोपीय आणि आयकॉन दोघंही दुपारी दोनला ८५० हेक्टोपास्कलवर, म्हणजे हवेचा दाब तेवढा असतो त्या सुमारे दीड हजार मीटर उंचीवर, पश्चिमेचा वारा दाखवत असतील, तर त्या जुळण्याला वजन आहे.

आता जाळीच्या आकाराचं. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत जमीन थोडक्या अंतरात पाचशे मीटरहून जास्त चढते. तेरा किलोमीटरच्या चौकोनात हा कडा एका सौम्य उतारासारखा सपाट होतो. मॉडेलच्या लेखी सह्याद्री असतो, पण त्याची धार नसते. म्हणून घाटमाथ्याजवळचा वारा, कड्यावरची उसळी आणि दरीतली कोंडलेली हवा या गोष्टी जागतिक मॉडेल्समध्ये ढोबळच दिसणार. काही साधनं निवडलेल्या बिंदूची मॉडेलमधली उंची दाखवतात. ती खऱ्या उंचीशी ताडून पाहा. फरक दोन-तीनशे मीटरचा असेल, तर तिथलं तापमान आणि वारा जसाच्या तसा घेऊ नका.

हवामानशास्त्राच्या बाबतीत पुणेकर नशीबवान आहेत. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्यात आलं, शिवाजीनगरच्या चौकाला ‘सिमला ऑफिस’ हे नाव त्यातूनच पडलं. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत तयार झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ मे २०२५ मध्ये सुरू झाली, तिची जाळी ६ किलोमीटरची आहे. आधीच्या १२ किलोमीटरच्या तुलनेत घाटासाठी हा मोठा फरक आहे. खात्याच्या संकेतस्थळावरचे नकाशे विंडीइतके झुळझुळीत नसतात, पण पावसाळ्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दिवसांत ते जरूर पाहावेत.

खास सोअरिंगची साधनं: पैसे भरण्याआधी

सोअरिंगसाठी, म्हणजे चढत्या हवेच्या जोरावर उडत राहणाऱ्या ग्लायडरवाल्यांसाठीच बनवलेली साधनं वेगळी. जॅक ग्लेंडेनिंग यांनी उभारलेलं ‘रॅस्प’ डब्ल्यूआरएफ मॉडेलवर चालतं आणि थर्मलचा सरासरी जोर थेट आकड्यात देतं. ऑस्ट्रेलियात जन्मलेलं स्कायसाइट, जर्मनीचं टॉपमेटिओ, फ्रान्सचं मेटिओ-पॅरापान्त ही त्याच जातीतली. युरोपात किंवा ऑस्ट्रेलियात उडणाऱ्यासाठी ही सोन्यासारखी आहेत. आपल्यासाठी पहिला प्रश्न एकच: तुमची टेकडी त्यांच्या नकाशात आहे का, आणि असली तर बारीक जाळीत आहे की नुसत्या जागतिक मॉडेलवर रंग चढवलाय? हे कळेपर्यंत वर्गणी भरू नका.

या साधनांतला ‘डब्ल्यू-स्टार’ हा आकडा समजून घ्या. तो थर्मलमधल्या हवेच्या चढण्याचा सरासरी वेग असतो, तुमच्या चढण्याचा नाही. पॅराग्लायडर स्थिर हवेतही सेकंदाला एक मीटरहून थोडा जास्त खाली येतच असतो. त्यामुळे डब्ल्यू-स्टार १.५ असेल, तर हातात जेमतेम ०.३ ते ०.४ उरतो. चांगल्या ग्लायडरचा सिंक, म्हणजे खाली येण्याचा वेग, कमी असल्याने त्याच दिवशी तो मजेत वर जाईल. याच हिशेबाने रॅस्प ‘एच-क्रिट’ देतं: ज्या उंचीवर हवेचा चढ मिनिटाला २२५ फुटांच्या खाली जातो ती उंची. थर्मलचं टोक त्याहून वर असलं, तरी तुमच्या कामाचं छप्पर हेच.

साउंडिंग वाचायला शिका

रॅस्प नाही, स्कायसाइट नाही, तरी अडत नाही. साउंडिंग, म्हणजे उंचीनुसार तापमान आणि दवबिंदू दाखवणारा आलेख, वाचता आलं की यातलं बरंच स्वतःचं स्वतः काढता येतं, आणि माझ्या मते पूर्ण लेखातली ही एकच पायरी न गाळण्याजोगी आहे. विंडीवर हव्या त्या जागी बिंदू निवडून साउंडिंग उघडा. मेटिओब्लूवरही असा आलेख मिळतो. त्यात दोन रेषा दिसतील. उजवीकडची हवेचं तापमान, डावीकडची दवबिंदू. खालून वर उंची वाढते.

समजा, दुपारी दोनला पुणे परिसरात तापमान ३५ आणि दवबिंदू ९. दोन्हींतलं अंतर २६. प्रत्येक अंशाला साधारण १२५ मीटर धरले, तर ढगाचा तळ जमिनीपासून ३,२५० मीटरवर येतो. हा आकडा पाहून लगेच हुरळून जाऊ नका. थर्मल तिथवर पोचतं का, ते तापमानाची रेषा सांगते. वर चढणारी कोरडी हवा दर १०० मीटरला जवळजवळ एक अंश थंड होते. पुण्याची उंची ५६० मीटरच्या आसपास धरली, तर समुद्रसपाटीपासून २,००० मीटरवर पोचेपर्यंत आपली ३५ अंशांची हवा २१ अंशांवर येते. साउंडिंगमध्ये त्या उंचीवर भोवतालची हवा २२ अंश दिसत असेल, तर थर्मल भोवतालापेक्षा थंड झालं. ते त्याच्या जरा खालीच थांबणार. ढग होणारच नाहीत, निळ्या आकाशात चाचपडत थर्मल शोधावं लागेल, आणि छप्पर जमिनीपासून चौदाशे मीटरच्या आत. दिवस वाईट नाही, पण ‘बेस सव्वातीन हजार’ हे स्वप्न खोटं.

तोच आलेख सकाळी आठचा उघडा. हिवाळ्यात जमिनीलगत तापमानाची रेषा उजवीकडे झुकलेली दिसेल: खाली गार, वर उबदार. मावळात पहाटे दरीत साचलेलं धुकं याच थराखाली असतं. तो थर मोडायला जमिनीवर किती तापमान लागेल ते वरच्याच पद्धतीने काढा, आणि तासागणिक अंदाजात ते तापमान किती वाजता गाठलं जातं ते पाहा. थर्मल सुरू व्हायची वेळ तीच.

खरी साउंडिंग्ज, म्हणजे फुग्याने मोजलेली, मुंबई आणि पणजीची मिळतात. दोन्ही किनाऱ्यावरची आहेत, म्हणून खालचा भाग घाटावर लावू नका. वरचा, दीड-दोन किलोमीटरच्या पुढचा भाग मात्र मॉडेल बरोबर बोलतंय का हे ताडायला उपयोगी पडतो.

वारा थराथराने पाहा

‘जमिनीवरचा वारा’ म्हणजे मॉडेलच्या सपाट जमिनीपासून दहा मीटरवरचा. टेकडीमाथ्यासाठी ९२५ हेक्टोपास्कल निवडा, तो समुद्रसपाटीपासून साडेसातशे-आठशे मीटरवर असतो. थर्मलच्या मधल्या टप्प्यासाठी ८५०, म्हणजे सुमारे दीड हजार मीटर. लांब पल्ल्याचा विचार असेल तर ७०० सुद्धा, म्हणजे तीन हजारांच्या थोडं वर. पॅराग्लायडरचा नेहमीचा वेग ताशी ३५ ते ४० किलोमीटर. ८५० वर वारा ताशी ३० असेल, तर वर गेल्यावर तुम्ही पुढे सरकणं जवळजवळ थांबेल. एककं आधी तपासा: नॉट, किलोमीटर आणि मीटर-सेकंद यांची गल्लत जिवावर बेतू शकते.

आपल्याकडचा खरा पेपर खाऱ्या वाऱ्याचा. हिवाळ्यात सकाळी पूर्वेचं वारं असतं, दुपारनंतर किनाऱ्यावरची गार, दमट हवा घाट चढते. उन्हाळ्यात तिचा जोर आणखी वाढतो. तासागणिक अंदाजात अशी वेळ शोधा जिथे वारा पश्चिमेकडे वळतो आणि त्याच सुमाराला दवबिंदू उडी मारतो. दोन्ही एकदम घडले की तो खारा वाराच. पुणे विमानतळाच्या मेटारमध्येही, म्हणजे तिथल्या प्रत्यक्ष हवामानाच्या नोंदीतही, हे उघड दिसतं: दुपारी ‘३४/०९’ असलेली तापमान-दवबिंदूची जोडी संध्याकाळकडे ‘३०/१७’ सारखी होते आणि वाऱ्याची दिशा २७० ते ३०० च्या घरात स्थिरावते. कामशेत घाटाच्या जवळ, तिथे तो पुण्याच्या आधी पोचतो. म्हणून लोहगावच्या मेटारमध्ये बदल दिसायची वाट पाहत कामशेतला हवेत राहू नका.

घड्याळ

मॉडेल्स यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालतात, आपण त्यापुढे साडेपाच तास. साधनाच्या सेटिंगमध्ये स्थानिक वेळ आहे ना, ते बघा. सकाळी सहाला चहा घेताना दिसणारा जीएफएसचा अंदाज आदल्या रात्री साडेअकराच्या स्थितीवरून काढलेला असतो. पहाटे साडेपाचचा ताजा अंदाज साडेनऊ-दहाच्या सुमाराला यायला लागतो, युरोपीय आणखी उशिरा, दुपारकडे. आदल्या रात्री योजना आखा, निघण्याआधी फक्त काय बदललं ते पाहा.

त्या दिवशी

अंदाज बाजूला ठेवून आता प्रत्यक्ष नोंदी. इन्सॅट उपग्रहाची चित्रं दर अर्ध्या तासाने येतात, मुंबईचं रडार पाऊस दाखवतं, मेटार वारा सांगतं. एप्रिल-मेमध्ये आदल्या दिवशीच ‘केप’चा, म्हणजे ढगांना उसळायला हवेत किती ऊर्जा साठली आहे ते सांगणाऱ्या आकड्याचा, नकाशा पाहा. हजाराच्या वर गेला आणि दुपारपर्यंत पूर्वेला ढग फुलताना दिसले, तर वळवाची तयारी आहे. आयआयटीएमचं ‘दामिनी’ ॲप तुमच्या भोवतीच्या २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळांत वीज पडली की कळवतं. पण वादळातून सुटलेला वाऱ्याचा लोट पावसाच्या कितीतरी पुढे धावतो, तेव्हा दामिनीने इशारा दिला तर विंग उघडूच नका, हवेत असाल तर ताबडतोब उतरा. शिकाऊंनी शेवटचा शब्द प्रशिक्षकाचा मानावा, ॲप काहीही म्हणो.

दोन साधनं, एक वही

ऑक्टोबरात हंगाम सुरू झाला की वेगवेगळ्या मॉडेल्सवरची दोनच साधनं निवडा. वहीत आदल्या रात्रीचं भाकीत लिहा: सुरू व्हायची वेळ, छप्पर, ८५० चा वारा, खाऱ्या वाऱ्याची वेळ. संध्याकाळी शेजारी खरं काय झालं ते. स्वतः उडला नसाल तरी अडत नाही. एक्सकॉन्टेस्ट या उड्डाणं नोंदवायच्या संकेतस्थळावर त्या दिवशीच्या कामशेत-पाचगणीच्या उड्डाणांचे ट्रॅकलॉग, म्हणजे जीपीएसच्या नोंदी, कोणी टाकले असतील, तर कोण किती वाजता किती उंच गेलं ते तिथे दिसतं.

काही आठवड्यांत चुकांचा कल दिसू लागेल. एखादं मॉडेल खारा वारा नेहमी तासभर उशिरा आणत असेल, तर ते टाकून देऊ नका, तासभर वजा करून वापरा. सतत एकाच बाजूला चुकणारं साधन दुरुस्त करता येतं. कधी इकडे कधी तिकडे चुकणारं मात्र बदला. वर्गणीचं साधन घ्यायचं ठरलंच, तर तेही याच वहीत तिसरा रकाना आखून महिनाभर चालवा. फुकटातल्या दोघांपेक्षा त्याचा रकाना खऱ्याच्या जवळ नसेल, तर तेवढ्या पैशांत रिझर्व्ह पॅराशूट तपासून पुन्हा बांधून घ्या.