पित्ताशय काढायचं ठरलंय? तयारी ओट्यापासून सुरू करा

ऑपरेशनची तारीख मिळाली की घरात फाइल, पैसे आणि रजेची धावपळ सुरू होते. ती करावीच लागते. पण पित्ताशयाचं ऑपरेशन आता बहुतेकदा दुर्बिणीतून होतं, माणूस एक-दोन दिवसांत घरी येतो आणि खरा प्रश्न त्यानंतर जेवायला बसल्यावर उभा राहतो. म्हणून माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं असतं, की निम्मी तयारी ॲडमिट होण्याआधी स्वयंपाकघरात करून ठेवा. आमच्या सासूबाईंचं ऑपरेशन झाल्यापासून ओळखीतलं कोणी ना कोणी विचारत असतं. त्यांना सांगते तेच इथे सविस्तर लिहिते आहे. तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका, कारण तुमचे रिपोर्ट त्यांनी पाहिलेले असतात.

कागदांचं आधी उरकून घेऊ. सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट, आधार आणि रेशनकार्ड एका पिशवीत ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन त्या दवाखान्यात बसतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाला, आधीच विचारा. ॲडमिट झाल्यावर विचारलं की पळापळ होते. रक्त पातळ करणारी गोळी, शुगरची किंवा बीपीची गोळी चालू असेल तर कोणती कधी थांबवायची हे लिहून घ्या, स्वतःच्या मनाने एकही बंद करू नका. बार्शी, मोहोळ, अक्कलकोटकडून सोलापूरला येणाऱ्यांनी टाके दाखवायला परत यायचा दिवस धरूनच गाडीची आणि मुक्कामाची सोय करावी. कपडे सैल हवेत. बेंबीजवळ टाका असतो, त्यामुळे घट्ट नाडी किंवा पँटचा पट्टा नेमका तिथेच काचतो. रिक्षातून घरी येताना पोटावर धरायला एक छोटी उशी बरोबर ठेवा. स्पीडब्रेकरला आणि खोकला आला की तिचा फार आधार वाटतो.

आता आत काय बदलतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं काही पाठ करावं लागणार नाही. आपलं यकृत रोज साधारण अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करतं. पित्ताशयात त्यातला जेमतेम 30 ते 50 मिलिलिटर मावतो, पण तो आटवून घट्ट केलेला असतो. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं, म्हणून घरोघरी टाक्या, बॅरल भरलेले असतात आणि कार्य निघालं की साठवणीतलं पाणी एकदम वापरता येतं. पित्ताशय ही पित्तरसाची तशी साठवण. ती काढली तरी पित्तरस बंद होत नाही, तो दिवसभर थोडाथोडा आतड्यात उतरत राहतो. साधं जेवण त्यावर आरामात पचतं. एकदम खूप तेल-तूप पोटात गेलं की मात्र तो कमी पडतो. मग पोट फुगतं, गुडगुडतं, कधी जेवण उरकताच शौचाला धावावं लागतं. शिवाय शोषला न गेलेला पित्तरस मोठ्या आतड्यात पोचला की तो तिथे पाणी ओढून घेतो आणि जुलाब होतात. प्रत्येकाला हा त्रास होत नाही. ज्यांना होतो त्यांच्यापैकी बहुतेकांचा काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत कमी होतो.

म्हणजे एका बैठकीत स्निग्ध किती जातं, यावर लक्ष ठेवायचं. आणि आपल्याकडे नेमकं इथेच लोक फसतात. तूप बंद, भजी बंद, वडापाव बंद, इतकं सगळे मनापासून पाळतात. पण शेंगदाण्याच्या कुटाकडे कोणाचं लक्षच जात नाही, कारण सोलापूरकराच्या लेखी कूट म्हणजे मिठासारखा. वांग्यात कूट, मेथीत कूट, आमटी दाट करायला कूट, कोशिंबिरीत कूट. शेंगदाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मं तेल असतं. म्हणजे दहा ग्रॅम कुटाचा एक मोठा चमचा हा चहाच्या चमचाभर तेलाइतका धरायचा. फोडणीला मोजून अर्धा चमचा तेल घातलं आणि वर तीन चमचे कूट टाकला, तर त्या मोजण्याला काही अर्थ उरत नाही.

शेंगाची चटणी तर विचारूच नका. सासूबाई ती अजून उखळात कुटतात. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ, जिरं. कुटता कुटता कोरडा भुगा हळूहळू गोळा व्हायला लागतो, मुसळीच्या टोकाला चकाकी येते, आणि चिमूट दाबून पाहिली की बोटांवर तेल उमटतं. तेल सुटलं की चटणी झाली, असं त्या सांगतात. वरून थेंबभरही तेल न घातलेल्या चटणीत एवढं तेल असतं, हे त्यांनी स्वतःच्या बोटांवर पाहिलं होतं. त्यामुळे सुरुवातीला ती का नको, हे मला फार समजवावं लागलं नाही. जवस, कारळं, तीळ, सुकं खोबरं यांच्या चटण्याही त्याच माळेतल्या. तेवढ्यापुरती डाळ्याची चटणी करून ठेवा. डाळ्यात तेल फार कमी असतं आणि आमटी-भाजीला दाटपणा आणायलाही ते पीठ चालतं. तिखट बेताचं ठेवा, कारण हुळहुळ्या आतड्याला झणझणीत तिखट सोसत नाही.

तेव्हा ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात ओट्यावर इतकं करून ठेवा. कुटाचा डबा वरच्या फळीवर हलवा. हाताशी असला की सवयीने पडतोच. तेलाच्या बुधलीशेजारी चहाचा चमचा ठेवा आणि फोडणीचं तेल त्यानेच घ्या. मुगाची डाळ, जुना तांदूळ, ज्वारीच्या कण्या, डाळं, इसबगोल, ओआरएसची पाकिटं आणून ठेवा. दूध म्हशीचं येत असेल तर पेल्याला बारा-तेरा ग्रॅम स्निग्ध जातं, म्हणून काही दिवस गायीचं किंवा कमी फॅटचं पिशवीचं दूध लावा. ताक लोणी काढलेलं हवं. चहाबरोबरच्या खारीत आणि बिस्किटांत वनस्पती तूप भरपूर असतं, त्यापेक्षा चुरचुरीत कडक भाकरीचा तुकडा कितीतरी बरा. आपल्या कडक भाकरीत तेल नसतं, ती टिकते आणि दवाखान्यात ताटकळताना पर्समधून काढून खाताही येते. सोबत येणाऱ्यासाठीही दोन जास्त घ्या.

पाण्याची तयारी वेगळी सांगते. नळ कधी येईल याचा नेम नसतो, आणि ऑपरेशन झालेल्या माणसाने भरलेली घागर किंवा बादली उचलायची नसते. दुर्बिणीतून झालं तरी वजन उचलायला साधारण चार ते सहा आठवडे थांबायला सांगतात. तेव्हा पाणी कोण भरणार, सिलिंडर कोण सरकवणार, हे आधीच ठरवून टाका, नाहीतर घरातली बाई दुसऱ्याच आठवड्यात पहाटे उठून बादल्या उचलताना दिसेल. साठवलेलं पाणी पिण्यासाठी उकळूनच घ्या. दूषित पाण्याचे जुलाब आणि पित्तरसाचे जुलाब एकाच वेळी सुरू झाले तर काय कशामुळे होतंय ते डॉक्टरांनाही चटकन उलगडत नाही.

घरी आल्यावर पहिले दोन-तीन दिवस खांदा दुखू शकतो. पोटावरच्या ऑपरेशनने खांदा का दुखावा, म्हणून घरचे घाबरतात. ऑपरेशनच्या वेळी पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, त्याने पोट आणि छातीमधला पडदा डिवचला जातो आणि ती कळ खांद्यात जाणवते. घरातल्या घरात सावकाश चालत राहिलं की ती ओसरते. दुखण्यावरच्या काही गोळ्यांनी मलावरोध होतो, तेव्हा कोमट पाणी आणि चालणं सोडू नका. जोर करून बसू नका. डॉक्टरांना सांगितलं की ते सौम्य औषध देतात.

खाण्याची सुरुवात वरणाचं पाणी, पेज, पातळ ताक अशी करून मऊ भात, मुगाचं वरण, ज्वारीच्या कण्या, दुधी, दोडका, पडवळ, लाल भोपळा या क्रमाने पुढे जा. पहिला आठवडाभर एका वेळच्या खाण्यात स्निग्ध अगदी नावापुरतं ठेवा, मग हळूहळू वाढवा. दोन मोठ्या जेवणांऐवजी दिवसात पाच-सहा वेळा थोडं थोडं. शुगर असलेल्यांनी गोळीच्या किंवा इन्शुलिनच्या वेळा या नव्या खाण्याशी जुळवून घेण्यासाठी डॉक्टरांशी आधीच बोलावं. मंगळवेढ्याच्या ज्वारीची भाकरी सोडायची गरज नाही, पण चोथा एकदम वाढला की गॅस धरतो. म्हणून आधी चतकोर, ताजी, मऊ आणि वरणात कुस्करून. फ्लॉवर, कोबी, हरभरा, वाटाणा, मटकी उशिरा सुरू करा. रिकाम्या पोटी कडक चहा-कॉफी काहींना लगेच धावायला लावते. तसं होत असेल तर आधी दोन घास खा. आणि तेल अजिबात बंद करू नका. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं शोषली जायला थोडं स्निग्ध लागतंच. दिवसाचं तेल एका जेवणात न घालता सगळ्या खाण्यांत वाटून द्या.

एक छोटी वही दोरीने फ्रिजला अडकवा. काय खाल्लं, किती वाजता, पोटाने काय सांगितलं, एवढंच लिहायचं. नवीन पदार्थ एका वेळी एकच, मध्ये दोन दिवस जाऊ द्यायचे. कोणाला दूध चालत नाही, कोणाला अंड्याचा बलक, कोणाला काहीच होत नाही. शेजारणीची पथ्याची यादी आपल्या पोटाला लागू पडेलच असं नाही.

जुलाब लागलेच तर पाणी तुटू देऊ नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, घामाने आधीच पाणी जात असतं. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात कालवा. घरी करायचं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ; मीठ अंदाजाने कधीही टाकू नका. विरघळणारा चोथा मल बांधून आणतो, म्हणून केळं, सफरचंद, ओट्स, आणि डॉक्टरांना विचारून पेलाभर पाण्यात चमचाभर इसबगोल घ्या. तरीही दोन-तीन आठवडे थांबत नसेल तर सोसत बसू नका. पित्तरसाला आतड्यात बांधून ठेवणारं कोलेस्टिरामाइन नावाचं औषध आहे, आणि त्याने पुष्कळांना उतार पडतो. मात्र ते इतर गोळ्याही शोषू देत नाही, म्हणून बाकीची औषधं त्याच्या तासभर आधी किंवा चार ते सहा तासांनी घ्यायची असतात. चिठ्ठीवर वेळा लिहून घ्या. बाहेर जायची भीती बसून घरात अडकलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि यावर औषध असतं हे त्यांना कोणी सांगितलेलंच नव्हतं, याचं मला फार वाईट वाटतं.

सणावाराचाही आधी विचार करा. आषाढीला उपवास धरायचा आणि एकादशी दुप्पट खाशी म्हणत साबुदाण्याची खिचडी वाटी-वाटी खायची, हे पहिल्या वर्षी तरी नको. खिचडीत पुन्हा तूप आणि कूट दोन्ही आले. थोडी भगर आणि ताक घ्या. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला जा, फिरा, पण तिथल्या तळणीपासून लांब राहा. हुरड्याच्या दिवसांत हुरडा मूठभर चालेल, सोबतच्या शेंगाच्या चटणीची मात्र चव घ्यायची, वाटी पुढे ओढायची नाही. मटण पोटाला मानवायला लागलं की चरबी काढून आणा. रस्सा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला की वरची तर्री गोठून पापुद्रा होतो; तो चमच्याने काढून टाकून गरम करा. चव बरीचशी राहते.

काही गोष्टी मात्र पथ्याने बऱ्या होणाऱ्या नसतात. थंडी वाजून ताप, डोळे किंवा लघवी पिवळी गर्द होणं, शौच मातकट पांढरं होणं, उजव्या बरगडीखाली न थांबणारी कळ, सतत उलट्या, टाक्यातून पू, शौचातून रक्त किंवा दम लागणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. पित्ताशय गेलं तरी पित्तनलिकेत खडा अडकलेला असू शकतो, तेव्हा ‘आता कसला खडा’ म्हणून कोणालाही वेळ घालवू देऊ नका. डॉक्टरांचा रात्री चालू असणारा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा, घरातल्या शाळकरी मुलालाही वाचता येईल असा.

शेवटचं काम फाइलच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा, कारण ते हमखास विसरतं. काढलेलं पित्ताशय प्रयोगशाळेत तपासणीला पाठवतात आणि त्याचा रिपोर्ट काही दिवसांनी येतो. क्वचित त्यात कॅन्सर सापडतो आणि पुढचे उपचार त्यावर ठरतात. टाके दाखवायला जाल त्या दिवशी तो रिपोर्ट मागून घ्या, डॉक्टरांकडून वाचून समजून घ्या आणि फाइलला लावा.