अमली पदार्थविरोधी धोरणाचा आर्थिक हिशेब कसा मांडायचा

‘अमुक कोटींचे ड्रग्ज जप्त’ ही बातमी वाचून धोरण चाललं की फसलं, हे कळत नाही. ते कळायला पुडीचा भाव, मागणीची लवचिकता (भाव वाढला की खप किती घटतो) आणि सरकारचा खर्च, तिन्ही लागतात. स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी, पत्रकार किंवा नगरसेवक, कुणालाही कागद-पेन्सिल घेऊन हा हिशेब करता येतो.

आधी पदार्थ एकच धरा. गांजा, गर्द (हेरॉइन) आणि एमडी (मेफेड्रोन) यांची सरासरी काढलीत की पुढचं सगळं वाया गेलं. प्रत्येकाचं गिऱ्हाईक वेगळं, पुरवठ्याची वाट वेगळी. गर्दसाठी लागणारी अफू शेतात पिकते. एमडी मात्र रासायनिक कारखान्यात बनतं, आणि कारखाना आपल्याच एमआयडीसीत असू शकतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये कुरकुंभला पुणे पोलिसांनी पकडलेला साठा असाच होता.

मग जप्तीचा आकडा सोलून घ्या. प्रेसनोटमधली किंमत बहुतेकदा शेवटच्या पुडीच्या भावाने लावलेली असते. समजा १० किलो एमडी पकडलं आणि गल्लीतला भाव ग्रॅमला ₹१,००० आहे. बातमीत १ कोटी येईल. पण तोच माल पुन्हा बनवायला ग्रॅमला ₹१५० लागत असतील, तर टोळीचा मालापुरता फटका १५ लाखांचा. पुडीच्या भावात उरलेला मोठा हिस्सा जोखमीचा असतो: पेडलरच्या अटकेची भीती, वाहतूकदाराचं तोंड बंद ठेवण्याचा खर्च, हप्ते. म्हणून मालापेक्षा प्रक्रिया जाणणारा केमिस्ट आणि कच्च्या रसायनाचा पुरवठादार हाती लागला तर घाव जास्त खोल जातो.

भाव मोजताना शुद्धता विसरू नका. इथेच बहुतेकांची चूक होते. पुडी तीच, भाव तोच ₹१,०००, पण न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या अहवालात शुद्धता ४० टक्क्यांवरून २५ वर आली असेल, तर शुद्ध ग्रॅमचा भाव ₹२,५०० वरून ₹४,००० झाला. ‘भाव हलला नाही’ असं लिहिणारा इथे सपशेल चुकतो.

आता लवचिकता. व्यसनी माणसाची मागणी भावाला फारशी दाद देत नाही. समजा लवचिकता ०.३ आहे (भाव १ टक्का वाढला की खप ०.३ टक्के घटतो), महिन्याचा खप १०० किलो, भाव ग्रॅमला ₹१,०००. उलाढाल १० कोटी. कारवाईने भाव ३० टक्के वाढला की खप ९ टक्के घटून ९१ किलो होतो. पण ९१ किलो गुणिले ₹१,३०० म्हणजे ११.८३ कोटी. खप घटला आणि बाजार फुगला! वरचे १.८३ कोटी गिऱ्हाइकाच्या खिशातून येतात. ते चोरीतून, घरातल्या दागिन्यांतून किंवा स्वतःच पुड्या विकून उभे राहतात. तोच ९ टक्के खप उपचारांनी घटवला, तर भाव चढत नाही आणि उलाढाल ९.१ कोटींवर उतरते.

याचा अर्थ धाडी बंद करा असा नाही. नव्याने नादी लागणाऱ्या पोराची मागणी लवचिक असते; ₹१,००० ची पुडी ₹१,३०० ला झाली की तो मागे फिरू शकतो. म्हणून दोन गटांचे दोन तक्ते करा. महाग भाव नवख्याला अडवतो, उपचार जुन्याला सोडवतो.

खर्चाच्या बाजूला फक्त पोलिसांचं बजेट लिहून थांबू नका. पंचनामा, प्रयोगशाळा, न्यायालयाचे दिवस, तुरुंगातला मुक्काम, सगळं धरा. एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात एमडीचं अल्प प्रमाण २ ग्रॅम आणि व्यावसायिक प्रमाण ५० ग्रॅम आहे. हेरॉइनचं ५ आणि २५० ग्रॅम. जिल्ह्यातले गुन्हे अल्प, मधलं आणि व्यावसायिक अशा तीन टप्प्यांत वाटून बघा. बहुतेक गुन्हे सेवनाचे आणि अल्प प्रमाणाचे निघाले, तर महागडं मनुष्यबळ सर्वांत स्वस्त माशांवर खर्च होतंय. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनीला कलम ६४अ काही अटींवर खटल्यापासून संरक्षण देतं. ते किती वेळा वापरलं गेलं, हा आकडा जरूर मागा.

तुलनेचं माप एकच ठेवा: खप १ टक्का घटवायला किती रुपये. अमेरिकेत रँड संस्थेने १९९४ मध्ये कोकेनसाठी असाच हिशेब केला. उपचारांवर ३.४ कोटी डॉलर, देशांतर्गत कारवाईवर २४.६ कोटी, आणि उत्पादक देशांतल्या कारवाईवर ७८.३ कोटी. हे प्रमाण जसंच्या तसं इथे लावू नका. गर्दसाठी ब्युप्रेनॉर्फिनसारखी पर्यायी गोळी आहे. एमडीसाठी तशी नाही, तिथे समुपदेशन आणि पाठपुरावा यांचा खर्च धरावा लागतो.

पुरवठा खरोखर तुटला तर काय होतं, तेही पाहा. तालिबानने एप्रिल २०२२ मध्ये अफूवर बंदी घातली आणि अफगाणिस्तानातलं लागवडीचं क्षेत्र २,३३,००० हेक्टरवरून २०२३ मध्ये १०,८०० वर आलं. भाव कडाडले, जुना साठा दाबून बसलेल्यांची चांदी झाली, आणि अफूच्या उत्पादनात म्यानमार पहिल्या क्रमांकावर गेला.

गुन्हेगारीचा शिक्का काढणं हा उपाय तपासताना उपचारांची क्षमता आधी मोजा. पोर्तुगालने २००१ मध्ये दहा दिवसांपुरता साठा बाळगणं गुन्ह्यातून वगळलं, पण पकडलेल्याला तीन सदस्यांच्या आयोगासमोर बसवलं. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २०२१ मध्ये १०० डॉलरचा दंड ठेवला आणि हेल्पलाइनला फोन केल्यास तो माफ केला. फोन फारच थोड्यांनी केले, आणि सप्टेंबर २०२४ पासून बाळगणं पुन्हा गुन्हा ठरलं.

शेवटचा रकाना पर्यायी नशेचा. एमडी महागलं की कोडीनचं कफ सिरप किंवा मालेगावात ‘कुत्ता गोळी’ म्हणतात ती अल्प्राझोलम यांचा खप वाढतो का, हे बघा. त्यासाठी औषध प्रशासनाच्या कारवाया आणि सरकारी रुग्णालयातल्या विषबाधेच्या नोंदी, दोन्ही कारवाईआधीच्या आणि नंतरच्या सहा-सहा महिन्यांच्या घ्या. वाढ दिसली तर ती एमडीच्या घटीतून वजा करा, आणि मगच टक्क्यामागचा रुपया काढा.