गणिती मजकुराला अर्थाच्या खुणा देताना या चुका टाळा

(३, ७) असं लिहिलेलं दिसलं तर तो प्रतलावरचा बिंदू असेल, ३ ते ७ हा खुला अंतराल असेल, नाहीतर ३ आणि ७ यांचा मसावि. आपण संदर्भावरून ओळखतो. स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला) किंवा सिद्धता तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला ते खुणा घालून सांगावं लागतं, आणि खात्रीने सांगू शकतो तो फक्त लेखक.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मॅक्रोला, म्हणजे आपण स्वतः नाव देऊन बनवलेल्या आज्ञेला, दिसण्यावरून नाव देणं. लाटेकमध्ये (गणिती मजकूर आज्ञा लिहून जुळवण्याच्या प्रणालीत) 'ठळक' नावाचा एकच मॅक्रो करून त्यातच सदिश, सारण्या आणि वास्तव संख्यांचा संच लिहिला जातो. पुढे सदिशांवर बाण काढायचे ठरलं की प्रत्येक ठळक अक्षर हाताने तपासत बसा. 'सदिश', 'सारणी', 'वास्तवसंच' असे वेगळे मॅक्रो पहिल्या पानापासून करा, भले तिघांचं रूप आज सारखंच असो. लेख संपल्यावर खुणा घालू म्हणणाऱ्यांच्या खुणा बहुधा राहूनच जातात.

क(ख+१) हा गुणाकार आहे की 'क' हे फलन? साध्या लाटेकमध्ये हे कुठेच नोंदवलेलं नसतं, म्हणून त्यातून मॅथएमएल (वेबपानांवर सूत्रं लिहिण्याची टॅगांची भाषा) बनवणारा प्रोग्रॅम अंदाज बांधतो. मॅथएमएलमध्ये यासाठी दोन अदृश्य चिन्हं आहेत: युनिकोड क्रमांकांनी सांगायचं तर फलनासाठी यू+२०६१, गुणाकारासाठी यू+२०६२. अंदाज चुकला तरी पान जवळपास तसंच दिसतं, त्यामुळे मुद्रितशोधनात चूक सापडत नाही. स्क्रीन रीडरकडून मोठ्याने वाचून घेतलं तर सापडते.

दिसणं आणि अर्थ अशा दोन्ही प्रकारच्या खुणा मॅथएमएलमध्ये १९९८च्या पहिल्या शिफारशीपासून आहेत. दोन्ही 'सिमँटिक्स' टॅगमध्ये शेजारी ठेवता येतात, पण ब्राउझर त्यातलं फक्त पहिलं रूप दाखवतो. सूत्र सुधारताना दुसरं तसंच राहिलं तर पडद्यावर एक आणि यंत्राच्या हाती भलतंच. दोन्ही रूपं एकाच मूळ फाइलमधून तयार करा, हाताने जुळवू नका.

चिन्ह गणिती व्याख्यांच्या शब्दकोशाशी जोडतानाही व्याख्या वाचल्याशिवाय दुवा देऊ नका. गणिती चिन्हांचे अर्थ यंत्रांसाठी नोंदवणाऱ्या ओपनमॅथ या मानकाच्या 'सेटनेम१' कोशातल्या नैसर्गिक संख्यांमध्ये शून्य धरलेलं आहे. तुमचा लेख १ पासून सुरुवात करत असेल, तर 'प्रत्येक नैसर्गिक संख्येला परिमेय व्यस्त असतो' हे तुमचं खरं विधान त्या दुव्यामुळे खोटं ठरतं.

प्रत्येक अधिकचिन्हाला खूण देण्याची मात्र गरज नाही. तुम्ही स्वतः व्याख्या केलेली आणि दोन अर्थ निघू शकतील अशी चिन्हं आधी घ्या. मग एखाद्या मॅक्रोचं रूप मुद्दाम बदला, सदिश लाल करा, आणि फाइल पुन्हा चालवा. जो सदिश काळाच राहिला, त्याला खूण द्यायची राहिली आहे.