कुलूप शाबूत, माल गायब: ट्रक आणि मालाच्या चोरीला वाट करून देणाऱ्या या चुका टाळा

चोरीचा विषय निघाला की ट्रकमालक पहिलं कुलूप विकत घेतो. कुलूप हवंच. पण ट्रकमध्ये काय भरलंय आणि तो कुठे, किती वेळ उभा राहणार आहे, एवढं कळलं की चोराचं अर्धं काम झालेलं असतं. आणि ही माहिती बरेचदा आपल्याच ऑफिसातून बाहेर जाते. लोडिंगचे फोटो आणि बिल्टी (मालाची वाहतूक-पावती) व्हॉट्सॲपच्या भल्यामोठ्या ग्रुपवर टाकली जाते, ड्रायव्हर वाटेत भेटलेल्याला सहज सांगून टाकतो, गोदामाबाहेर खोक्यांवरचं कंपनीचं नाव लांबून वाचता येतं. मालाचा तपशील ज्याला लागतो त्यालाच द्या. ड्रायव्हरनेही ‘काय भरलंय?’ या प्रश्नाला एखादं गुळमुळीत उत्तर तयार ठेवावं.

भरल्या ट्रकने लगेच थांबणं

महागडा माल भरलेल्या ट्रकवर गोदामापासूनच पाळत ठेवून मागे लागणं ही जुनी पद्धत आहे. पाठलाग करणारा ट्रक थांबायची वाट बघत असतो आणि दोन-चार तासांत काही घडलं नाही तर बहुधा नाद सोडतो. म्हणून पहिले ३०० किलोमीटर शक्यतो न थांबता जायचं, असा सल्ला मालवाहतुकीत दिला जातो. पण तो पाळायचा तर डिझेल, जेवण, झोप हे सगळं लोडिंगच्या आधी उरकलेलं हवं. रात्रभर रांगेत ताटकळलेल्या ड्रायव्हरला ‘थांबू नकोस’ सांगण्यात अर्थ नाही. तो अपघात करेल. हीच गोष्ट सुट्टीची. सोमवारी पोहोचवायचा माल शुक्रवारी भरून यार्डात उभा करणं म्हणजे चोराला दोन-तीन रात्री आंदण देणं.

उभं करावंच लागलं तर मागची दारं भिंतीला चिकटतील असा ट्रक लावा. सुटा ट्रेलर तर फारच सोपा घास आहे, कारण चोर स्वतःची गाडी आणतो आणि जोडून नेतो. त्यासाठी किंगपिनचं कुलूप मिळतं. ट्रेलर ज्या खुंटीवर जोडला जातो, ती खुंटीच ते झाकून टाकतं.

सीलला कुलूप समजणं

सील चोराला अडवत नाही. दार उघडलं गेलं का, एवढंच ते सांगतं. आयएसओ १७७१२ या मानकात सीलचे तीन वर्ग आहेत. त्यांतल्या सर्वात मजबूत वर्गाच्या सीलवर ‘एच’ छापलेलं असतं, पण बोल्ट कटरपुढे तेही तुटतं. खरी चूक पुढेच होते. सीलचा नंबर बिल्टीवर लिहिला जातो आणि माल उतरवताना तो कुणी बघतच नाही. सील नीट पाहा, नंबर ताडून घ्या, ओढा, पिळा. ही चार कामं अर्ध्या मिनिटाची आहेत.

सील शाबूत आणि माल कमी, असा प्रकार झाला तर दाराचं हँडल आणि बिजागऱ्या तपासा. रिव्हेट कापून, अख्खं दार सीलसकट बाजूला करून, माल काढून, जागी बोल्ट बसवून वर रंग मारलेला असू शकतो. ताजा रंग किंवा बाकीच्यांपेक्षा वेगळं दिसणारं रिव्हेट हीच खूण. तसं काही नसेल तर मोजणीकडे वळा. लोडिंगच्या वेळी ड्रायव्हरला नग मोजू दिले नसतील तर तसं बिल्टीवर लिहून घ्यायला हवं होतं. नाहीतर गोदामातली तूट त्याच्या माथी येते.

जीपीएस लावून निश्चिंत होणं

स्क्रीनवरचा ठिपका हलेनासा झाला की ऑफिसात ‘नेटवर्क गेलं असेल’ म्हणून सोडून देतात. आधी उपकरण नेमकं काय कळवतंय ते बघा. ते सर्व्हरशी बोलतंय पण उपग्रह सापडत नाहीत म्हणतंय, तर ट्रक बोगद्यात किंवा पत्र्याच्या शेडखाली असेल, नाहीतर जॅमर (सिग्नल दाबणारं यंत्र) लावलेला असेल. रस्ता मोकळा असूनही असं होत असेल तर लगेच फोन उचला. उपकरण पूर्ण गप्प झालं असेल तर नेटवर्क नसलेला पट्टा, तोडलेली वायर किंवा मोबाइल सिग्नलही दाबणारा जॅमर, यांपैकी काहीही असू शकतं. बऱ्याच उपकरणांना आतली छोटी बॅटरी असते आणि वायर तुटताच ती इशारा पाठवते. हा इशारा चालू आहे का, हे स्वतः वायर काढून एकदा पाहा.

दुसरं स्वतंत्र बॅटरीचं उपकरण मालातच लपवा, आणि ते कुठे आहे हे दोघांपेक्षा जास्त जणांना सांगू नका. अलार्म फक्त ‘रस्ता सोडला’ यावर ठेवू नका, ‘सिग्नल गेला’ यावरही ठेवा.

कागदावर विश्वास

चोर कधी कधी चक्क सही करून माल नेतो. खऱ्या ट्रान्सपोर्टरचं नाव, खोटा मोबाइल नंबर, बनावट कागद. किंवा दलालाने वाहतुकीचं काम परस्पर तिसऱ्यालाच दिलेलं असतं आणि दारात भलताच ट्रक येतो. खातरजमा करताना समोरच्याने दिलेल्या नंबरवर फोन करू नका. तो नंबर उचलणारा त्याचाच माणूस असेल. आपल्या जुन्या नोंदींतला नंबर लावा. वाटेत ‘डिलिव्हरीचा पत्ता बदललाय’ असा फोन आला तरी हाच नियम. बदल ऑफिसातून लेखी आल्याशिवाय ड्रायव्हरने गाडी वळवायची नाही. गेटवर ड्रायव्हरचा, लायसन्सचा आणि नंबरप्लेटचा फोटो घ्या.

आतल्या माणसाचा हात असतोच कधीकधी, पण म्हणून प्रत्येक वेळी ड्रायव्हरलाच धरणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. तूट कोणत्या मार्गावर, कोणत्या पाळीत आणि सील कुणी लावलं असताना येते, याची वही ठेवली तर नाव आपोआप वर येतं.

चोरी झालीच तर

पाठलाग करू नका. पोलिसांना आणि विमा कंपनीला लगेच कळवा. गाडीत किल्ली ठेवून ड्रायव्हर खाली उतरला असेल तर दावा अडकू शकतो, म्हणून पॉलिसीतल्या अटी आजच वाचा. नोंदणी क्रमांक, १७ अक्षर-अंकांचा चॅसी नंबर, इंजिन नंबर, सीलचा नंबर आणि मालाचे सिरियल नंबर पोलीस पहिल्याच फोनवर विचारतील. बऱ्याच मालकांकडे ही सगळी माहिती एकाच फाइलमध्ये असते, आणि ती फाइल चोरीला गेलेल्या ट्रकच्या केबिनमध्ये असते.