स्पॅनिशमध्ये 'भारीच!' कसं म्हणायचं

स्पॅनिशच्या एक-दोन पातळ्या झाल्या, क्रियापदं चालवता येतात, पण समोरच्याने आनंदाची बातमी दिली की तोंडातून 'मुय ब्येन' (खूप छान) यापलीकडे काही फुटत नाही. अशांसाठी हे लिहितेय. सुरुवातीलाच सांगते, 'स्पॅनिशमधले पन्नास भन्नाट शब्द' छापाच्या याद्या पाठ करू नका. त्यात माद्रिद, मेक्सिको आणि अर्जेंटिना यांचे शब्द एकाच पंगतीला बसवलेले असतात आणि शिकणारा ते कुठेही वाढतो.

देश ठरवा. तुम्ही ज्यांच्याशी बोलता त्यांचाच शब्द घ्या, आणि सध्या एकच घ्या. स्पेनमध्ये 'ग्वाय', मेक्सिकोत 'पाद्रे' किंवा 'चिदो', कोलंबिया-व्हेनेझुएलात 'चेबेरे', चिली आणि पेरूत 'बाकान', अर्जेंटिनात 'कोपादो'. माणूस कुठला हे माहीत नसेल तर 'खेनियाल' म्हणा, ते सगळीकडे चालतं. 'पाद्रे' म्हणजे बाप. आपल्याकडे 'बाप गाणं आहे' म्हणतात, तोच प्रकार, त्यामुळे मराठी माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

आधी 'के' लावा. 'के ग्वाय!', 'के पाद्रे!', आपल्या 'किती छान!'सारखं. सूर शेवटी खाली येऊ द्या.

'मे' म्हणजे 'मला'. 'मे'ची वाक्यं मराठीतून करा. आपण स्पॅनिश इंग्रजीतून शिकतो, तिथेच घोटाळा होतो. इंग्रजीत आवडण्याचा कर्ता 'मी' असतो, म्हणून मुलं 'यो गुस्तो' म्हणत राहतात. मराठीत 'मला आंबा आवडतो', 'मला आंबे आवडतात'. क्रियापद आंब्यांप्रमाणे बदलतं, माझ्याप्रमाणे नाही. स्पॅनिशमध्ये हुबेहूब तेच: 'मे गुस्ता एल मांगो', 'मे गुस्तान लोस मांगोस'. याच साच्यात 'मे एंकांता' (मला फारच आवडतं) आणि स्पेनची बोली 'मे मोला', 'मे फ्लिपा' बसतात. मैत्रिणीचे बूट आवडले? 'मे मोलान तुस थापातोस.' बूट दोन, म्हणून 'मोलान'. 'मे एंकांता'ला 'मुचो' जोडू नका, 'फारच' त्यात आधीच आहे.

'मोलार' हे क्रियापद स्पेनमधल्या रोमा (जिप्सी) लोकांच्या कालो बोलीतून आलंय. रोमा लोकांच्या भाषेचं मूळ भारतात आहे, आणि या शब्दाचं नातं आपल्या 'मोल'शी लागतं. हे कळल्यापासून तो शब्द मी कधी विसरले नाही.

आता खरी अवघड जागा: 'मी एक्सायटेड आहे'. इथे मी अडखळले होते. माद्रिदच्या टीमबरोबर नवीन काम सुरू होणार होतं. पहिल्याच व्हिडिओ कॉलवर, सात-आठ माणसांसमोर, मी उत्साहाने म्हणाले, 'एस्तोय मुय एक्सितादा'. दोन सेकंद कुणीच बोललं नाही. नंतर तिथल्या एका सहकारी बाईंनी मला वेगळा मेसेज करून समजावलं की या वाक्याचा पहिला अर्थ कामवासनेकडे जातो. 'एस्तोय कालिएंते' (शब्दशः 'मी गरम आहे') याचंही तसंच. बरेच मित्र हीच चूक करून बसलेले पाहिले आहेत, म्हणून ठामपणे सांगते: 'एक्सितादो' हा शब्द बोलण्यातून काढूनच टाका. कुठे चालतो, कुठे नाही, या चर्चेत शिकणाऱ्याने पडू नये.

मग म्हणायचं काय? मराठीत आपण 'मी उत्साहित आहे' असं तरी कधी म्हणतो? आपण म्हणतो, 'कधी एकदा तुला भेटतेय असं झालंय.' स्पॅनिशही असंच वळण घेतं: 'तेंगो मुचास गानास दे बेर्ते', म्हणजे तुला भेटायची फार इच्छा आहे. त्याहून उतावीळ असाल तर 'नो बेओ ला ओरा दे बेर्ते'. 'दे'च्या पुढे क्रियापदाचं मूळ रूप ठेवा, बाकी काही करावं लागत नाही.

स्पेनमध्ये आणखी एक सुंदर वाक्य आहे: 'मे आथे मुचा इलुसिओन'. 'इलुसिओन' म्हणजे भ्रम असं शब्दकोशात वाचून लोक घाबरतात. इथे त्याचा अर्थ येणाऱ्या गोष्टीची गोड आस. दिवाळीच्या आदल्या रात्री लहान मुलाला झोप लागत नाही, ते. लॅटिन अमेरिकेत 'एस्तोय एमोसिओनादा' म्हणा, पुरुष असाल तर 'एमोसिओनादो'. स्पेनमध्ये मात्र तोच शब्द गहिवरून येण्याकडे झुकतो.

'माद्रे' (आई) या शब्दापासून लांब राहा. मेक्सिकोत 'के पाद्रे' ही कौतुकाची थाप आहे, पण 'के पोका माद्रे' हा सरळ अपमान आणि 'मे बाले माद्रे' म्हणजे 'मला घंटा फरक पडत नाही'. 'आ तोदा माद्रे' कौतुकाचं असलं तरी जवळच्या दोस्तांतलं. स्पेनमध्येही 'माद्रे' असलेलं एक कौतुक आहे, त्यात शिवीच दडलेली आहे. तिथल्या मित्राने तुमच्याशी बोलताना स्वतः वापरेपर्यंत यातलं एकही उच्चारू नका.

मोठ्या माणसांशी आणि ऑफिसात बोली शब्द नको. 'मे आलेग्रो मुचो', म्हणजे खूप आनंद झाला. हे कुणापुढेही शोभतं.

बोलून बघा. आवाज रेकॉर्ड करून ऐका, सूर कुठे चढतो ते लगेच कळतं. आणि उद्गार काढून थांबू नका. कुणी 'आप्रोबे!', पास झालो, असं सांगितलं तर नुसतं 'के ग्वाय!' कोरडं लागतं. पाठोपाठ विचारा, 'इ कुआंदो लो सेलेब्रामोस?' मग पार्टी कधी?