मूत्रपिंडांच्या काळजीसाठी शीतपेये कशी कमी करावीत

शीतपेये कमी करायचे ठरवल्यावर पहिले काम लेबल नीट वाचण्याचे आहे. साखरेचा आकडा बहुधा 100 मिलिलिटरमागे छापलेला असल्याने तो लहान भासतो. परंतु तो साडेदहा ग्रॅम असेल, तर 330 मिलिलिटरच्या एका कॅनमधून सुमारे 35 ग्रॅम साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सुचवलेली इष्ट मर्यादा प्रौढांसाठी दिवसाला साधारण 25 ग्रॅम आहे. त्यानंतर घटकांच्या यादीत फॉस्फोरिक आम्ल किंवा त्याचा 338 हा क्रमांक शोधावा. कोला प्रकारच्या पेयांत ते सामान्यतः असते, आणि असे वरून मिसळलेले फॉस्फेट नैसर्गिक अन्नातल्या फॉस्फेटपेक्षा अधिक प्रमाणात शोषले जाते. निरोगी मूत्रपिंडे जादा फॉस्फरस लघवीवाटे बाहेर टाकतात. आधीच दुबळी झालेली मूत्रपिंडे हे काम पुरेसे करू शकत नाहीत.

डाएट कोलाकडे वळणे हा उपाय मला पटत नाही. अमेरिकेत 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिवसाला दोन किंवा अधिक कोला पिणाऱ्यांमध्ये दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराची शक्यता दुपटीहून अधिक आढळली, आणि साखरेचा व डाएट अशा दोन्ही कोलांबाबत चित्र सारखेच होते. अशा पाहण्यांतून केवळ संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मात्र गोड पेयांनी वजन आणि मधुमेहाचा धोका वाढतो हे पुरेसे स्पष्ट आहे, आणि मूत्रपिंडे निकामी होण्यामागे मधुमेह व उच्च रक्तदाब हीच दोन सर्वांत मोठी कारणे आहेत.

सवय मोडण्यापूर्वी आठवडाभर प्रत्येक बाटलीची वेळ आणि निमित्त लिहून ठेवावे, म्हणजे तहान, थकवा आणि निव्वळ सवय यांतला फरक कळतो. तहान असेल तर आधी पेलाभर पाणी प्यावे. रोज दोन-तीन कोला पिणाऱ्याने त्या एकदम बंद केल्या, तर कॅफीन तुटल्यामुळे डोके दुखते आणि माणूस पुन्हा बाटलीकडे वळतो. म्हणून दर आठवड्याला थोडे प्रमाण घटवावे आणि घरात साठा ठेवू नये. फळांचा रस हा पर्याय नाही, कारण त्यातही साखर भरपूर असते. उन्हात कष्ट केल्यावर तर तहान शीतपेयाने मुळीच भागवू नये, कारण त्या वेळी मूत्रपिंडांवर आधीच ताण असतो.

मूत्रपिंडाचा विकार बराच काळ लक्षणांशिवाय वाढतो. त्यामुळे मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी वर्षातून एकदा तरी रक्तातील क्रिएटिनीन (मूत्रपिंडे गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ) आणि लघवीतील अल्ब्युमिन (एक प्रथिन) तपासून घ्यावे. क्रिएटिनीनवरून काढलेली मूत्रपिंडांची गाळणक्षमता (अहवालातील eGFR, मिनिटाला मिलिलिटरमध्ये) तीन महिन्यांहून अधिक काळ 60 च्या खाली राहिली, तर तो दीर्घकालीन विकार मानला जातो. ज्यांना हे निदान झाले आहे, त्यांनी शीतपेयाऐवजी भरपूर पाणी पिण्याचा सल्ला परस्पर अमलात आणू नये. दिवसाला किती पाणी प्यावे, हे त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचे असते.